बिनपगारी प्राध्यापक

१७७६ च्या डिसेंबरात व्हेनिसच्या सिनेटने २७ वर्षांच्या एका शिक्षकाला प्रजासत्ताकाच्या हद्दीत कुठेही शिकवायला बंदी घातली. १८२५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने त्याच माणसाला इटालियन साहित्याचा पहिला प्राध्यापक म्हणून नेमले. तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. नेमणूक मानाची होती, पगार शून्य. जे विद्यार्थी येतील त्यांच्या फीवर त्याने भागवायचे होते.

या माणसाचे नाव लोरेन्झो दा पोन्ते. संगीताच्या इतिहासात ते मोझार्टच्या नावाला चिकटून येते. ‘फिगारोचे लग्न’, ‘डॉन जोव्हान्नी’ आणि ‘कोजी फान तुत्ते’ या मोझार्टच्या तीन ऑपेरांची संहिता त्याने लिहिली. आपल्याकडे नाट्यपद गाणाऱ्याच्या नावाने लक्षात राहते आणि पद रचणाऱ्याला विचारणारे थोडेच असतात. दा पोन्तेच्या वाट्यालाही तेच आले. पण त्याच्या ८९ वर्षांच्या आयुष्यातला व्हिएन्नाचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. अमेरिकेत तो त्याच्या तिपटीहून अधिक राहिला आणि तिथे मुख्यतः शिकवण्या करून जगला. व्हिएन्नाच्या दहा वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे गोष्ट सांगायची आहे ती परक्या गावात आपली भाषा शिकवणाऱ्या मास्तरची आणि त्याचा संसार ओढणाऱ्या बायकोची.

व्हेनिसच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी चेनेदा नावाचे गाव होते. आज ते व्हित्तोरियो व्हेनेतो या शहरात सामावले आहे. तिथल्या ज्यू वस्तीत १० मार्च १७४९ रोजी इमानुएले कोनेल्यानोचा जन्म झाला. वडील कातड्याचा धंदा करायचे. आई लहानपणीच गेली. पुढे विधुर वडिलांना एका ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचे होते आणि धर्म न बदलता ते शक्य नव्हते. म्हणून २९ ऑगस्ट १७६३ रोजी बाप आणि तिन्ही मुलगे यांचा एकदम बाप्तिस्मा झाला. रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाने बाप्तिस्मा देणाऱ्या बिशपचे नाव घेतले. चौदा वर्षांचा इमानुएले त्या दिवशी लोरेन्झो दा पोन्ते झाला.

नावाबरोबर बिशपचा आश्रयही मिळाला. घरी पैसा नव्हता, सेमिनरीत जेवण आणि शिक्षण दोन्ही होते. मुलाला लॅटिन आले, दान्ते आणि पेत्रार्क पाठ झाले आणि १७७३ मध्ये तो पाद्रीही झाला. पाद्रीपण आपल्या स्वभावाला मुळीच मानवणारे नव्हते, हे त्याने पुढे स्वतःच लिहिले आहे. शिकवणे मात्र मानवले. पोर्तोग्रुआरोच्या आणि मग त्रेव्हिझोच्या सेमिनरीत तो साहित्य शिकवू लागला. त्रेव्हिझोत वर्षअखेरीच्या समारंभासाठी त्याने विद्यार्थ्यांकडून म्हणून घ्यायला कविता रचल्या. विषय होता, कायदेकानूंनी बांधलेल्या समाजात माणूस जास्त सुखी होतो का? व्हेनिसच्या कारभाऱ्यांना त्या कवितांत रूसोचा वास आला. चौकशी झाली आणि बंदीचा हुकूम निघाला.

शिकवणे बंद झालेला तरुण पाद्री व्हेनिसमध्ये जुगार आणि प्रेमप्रकरणे यांत बुडाला. एका विवाहित बाईपासून त्याला मुले झाली. तक्रार झाली, खटला चालला आणि १७७९ च्या डिसेंबरात त्याला पंधरा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. निकाल लागला तेव्हा तो आधीच सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियाच्या मुलखात पोहोचला होता. या काळातला दा पोन्ते कुटुंबवत्सल होता असे त्याचा सख्खा मित्रही म्हणाला नसता.

पुढची दहा वर्षे जगाला माहीत आहेत. संगीतकार सालिएरीच्या शिफारशीने १७८३ मध्ये तो व्हिएन्नाच्या इटालियन नाट्यगृहाचा कवी झाला. सम्राट दुसरा जोसेफ याची त्याच्यावर मर्जी होती. १७८६ मध्ये ‘फिगारो’ आला, १७८७ मध्ये प्रागला ‘डॉन जोव्हान्नी’, १७९० मध्ये ‘कोजी फान तुत्ते’. १७८७ मध्ये तर तो तीन संगीतकारांसाठी तीन संहिता एकाच वेळी लिहीत होता. पण दरबारातली जागा राजाच्या श्वासावर असते. १७९० मध्ये जोसेफ वारला आणि १७९१ मध्ये नव्या राजवटीने दा पोन्तेला निरोप दिला. बेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा रस्त्यावर आला.

त्या पडत्या काळात त्रिएस्ते बंदरात त्याला नॅन्सी ग्राल भेटली. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान, इंग्लंडमध्ये वाढलेली, जर्मन वंशाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिला अनेक भाषा येत होत्या. कॅथलिक पाद्र्याला लग्न करता येत नाही, तरी १७९२ च्या ऑगस्टपासून दोघांनी नवराबायको म्हणून संसार मांडला. दा पोन्तेच्या आधीच्या चरित्राकडे पाहून कोणीही सांगितले असते की हे वर्षभरही टिकणार नाही. ते ३९ वर्षे टिकले.

नवे जोडपे पॅरिसला जायला निघाले. वाटेत बोहेमियात जुना मित्र कासानोव्हा भेटला. आता तो म्हातारा झाला होता आणि एका सरदाराच्या वाड्यात ग्रंथपाल होता. पॅरिसमध्ये क्रांतीने राणीला कैदेत टाकल्याची बातमी आली होती. कासानोव्हाने सल्ला दिला की पॅरिसला जाऊ नकोस, लंडनला जा. तिथे इटालियन लोकांच्या कॉफीहाउसात पाऊल टाकू नकोस आणि कुठल्याही कागदावर सही करू नकोस. दा पोन्ते लंडनला गेला. सल्ल्याचा शेवटचा भाग मात्र त्याने पाळला नाही, आणि आपण तो पाळला असता तर किती बरे झाले असते हे आठवणी लिहिताना त्याने हळहळून नोंदवले.

लंडनच्या किंग्ज थिएटरात त्याला कवीचे काम मिळाले. थिएटरचा मालक सदा कर्जात असायचा आणि आपल्या हुंड्यांवर कवीची सही घ्यायचा. नॅन्सीने थिएटरातले कॉफीघर चालवायला घेतले आणि चांगले पैसे साठवले. नवरा सह्या करत होता, बायको पेले विसळत होती. १७९८ मध्ये गायक शोधायला तो इटलीला गेला तेव्हा चेनेद्यात जाऊन वडिलांना भेटला. जवळजवळ वीस वर्षांनी बापलेक समोरासमोर आले होते. परतल्यावर मात्र हुंड्या वटवायला सावकार दारात उभे राहिले. १८०० च्या मार्चमध्ये, वाढदिवसाच्या आदल्या रात्री, त्याला बिछान्यातून उठवून अटक झाली. त्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. मग त्याने पुस्तकांचे दुकान टाकले. तेही कर्जात गेले.

नॅन्सीचे आईवडील आणि बहीण एव्हाना अमेरिकेत स्थायिक झाले होते. १८०४ मध्ये ती चार मुलांना घेऊन त्यांच्याकडे निघून गेली. पुढल्या वर्षी, अटकेचे नवे वॉरंट निघण्याच्या बेतात असताना, ७ एप्रिलला दा पोन्तेही जहाजात बसला. सफर आठ आठवड्यांची आणि हालाची होती. ४ जून १८०५ रोजी तो फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरला. सामानात व्हायोलिनच्या तारांची पेटी होती, चहाचे एक मोठे भांडे, एक गालिचा आणि काही इटालियन ग्रंथ. वय ५६.

अमेरिकेत इटालियन कवीला काय काम असणार? इटलीतून लाखो लोकांचे लोंढे येऊ लागले ते १८८० नंतर. १८०५ च्या न्यूयॉर्कमध्ये इटालियन माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. इटालियन ऑपेरा तिथे कोणी इटालियन भाषेत ऐकला नव्हता. सुशिक्षित घरांत लॅटिन आणि ग्रीक शिकवली जाई, मुलींना फ्रेंच. इटालियनची गरज कोणालाच नव्हती. म्हणून नॅन्सीच्या पैशांतून त्याने वाणसामानाचे दुकान टाकले. कवीच्या हाताने कुणाला दोन औंस चहा मोजून द्यायचा, कुणाला तंबाखूची वडी, आणि सकाळी सकाळी चांभाराला नाही तर गाडीवानाला तीन सेंटांची दारू ओतून द्यायची. हे दृश्य त्याने आठवणींत मोठ्या मजेने रंगवले आहे. पीतज्वराच्या भीतीने कुटुंब न्यूजर्सीतल्या एलिझाबेथटाउनला गेले. तिथल्या भागीदाराने बुडवले. १८०७ मध्ये ते पुन्हा न्यूयॉर्कला आले. एव्हाना धाकटा चार्ल्स जन्मला होता आणि घरात पाच मुले होती.

कलाटणी मिळाली ती ब्रॉडवेवरच्या रायलीच्या पुस्तकांच्या दुकानात. दा पोन्ते इटालियन पुस्तकांची चौकशी करत होता. शेजारी उभा असलेला २८ वर्षांचा तरुण संभाषणात पडला. तो होता क्लेमेंट क्लार्क मूर, एपिस्कोपल बिशपचा मुलगा, हिब्रूचा अभ्यासक. सांताक्लॉजच्या रात्रीच्या भेटीवरची त्याची कविता अमेरिकेत घरोघर पोचली, ती बऱ्याच नंतर. त्याचे वडील कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष होते. इटालियन साहित्यात असे काय आहे, हा प्रश्न निघाला आणि दा पोन्तेने दुकानातच व्याख्यान सुरू केले. ते ऐकून मूरने विचारले, तुम्ही शिकवाल का? वर्ष संपायच्या आत बिशपच्या घरी शिकवणी सुरू झाली. पहिल्या विद्यार्थ्यांत मूर होता, त्याचा चुलतभाऊ नॅथॅनियल मूर होता आणि जॉन मॅकव्हिकर होता. यांतला नॅथॅनियल पुढे कोलंबियाचा अध्यक्ष झाला आणि मॅकव्हिकर तिथलाच प्राध्यापक.

शिकवणी चालायची कशी? व्याकरणाचे पुस्तक पाठ करून घेण्यावर त्याचा विश्वास नव्हता. थोडे व्याकरण झाले की थेट मोठ्या कवींचे वाचन, भाषांतर आणि पाठांतर. व्हिएन्नात हिरडीच्या दुखण्यावर एका मत्सरी माणसाने तेजाबासारखे औषध दिले आणि त्यात बरेचसे दात गेले, असे तो सांगत असे. दात गेलेला हा मास्तर न्यूयॉर्कच्या श्रीमंत मुलामुलींना दान्तेचे उच्चार शिकवत होता. आपल्या दरबारी दिवसांच्या गोष्टी तो मधूनमधून पेरायचा. मोझार्टशी बसून काम केलेला माणूस समोर बोलतो आहे याचे मोल त्या मुलांना कितपत कळत होते कोण जाणे. त्या वेळी न्यूयॉर्कला मोझार्टचे ऑपेराच माहीत नव्हते.

पण नुसत्या शिकवण्यांवर सात माणसांचे बिऱ्हाड चालत नाही. दा पोन्ते पतीपत्नींनी घरीच शाळा काढली. तो इटालियन शिकवायचा, नॅन्सी फ्रेंच. पुढे विद्यार्थ्यांना राहायला आणि जेवायला ठेवायला त्यांनी सुरुवात केली आणि नॅन्सीच्या स्वयंपाकाची कीर्ती झाली. इटालियन कविता ऐकायला आलेले तरुण जेवणाच्या टेबलाशी रेंगाळू लागले. संध्याकाळी मंडळी जमली की कविता म्हटल्या जायच्या, मुलांकडून छोट्या इटालियन नाटुकल्या बसवून घेतल्या जायच्या. परक्या मुलखात एखादी भाषा आधी कानावर पडते ती अशा बिऱ्हाडात. जेवण, गप्पा आणि पाठ यांत तिथे फरक उरत नाही. हिशेबाची वही बाईच्या हाती असते म्हणून ते सगळे उभे राहते.

ही वही दा पोन्तेच्या हाती गेली की काय होते, ते लवकरच दिसले. १८११ मध्ये कुटुंबाने न्यूयॉर्क सोडले आणि पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी या छोट्या गावी मुक्काम हलवला. नॅन्सीचे माहेर तिथे होते आणि स्वस्ताईही होती. दा पोन्तेने पुन्हा दुकान टाकले. वाणसामान, औषधे, बायकांच्या टोप्यांचे सामान, सगळे त्यात होते. माल आणायला तो डोंगर ओलांडून वारंवार फिलाडेल्फियाला जायचा. एकदा गाडी उलटून हाडे मोडली. उधारी वाढली, सासरच्यांशी पैशांवरून वितुष्ट आले. आठवणींत सनबरीचे प्रकरण लांबलचक आहे आणि प्रत्येक पानावर कोणी तरी त्याला फसवते. ते वाचताना वाटते, एकाच माणसाला इतके लबाड भेटावेत यात त्या माणसाचाही काही वाटा असणार. फसवणारे खरे होते, पण दुसऱ्याच्या शब्दावर सही करून देण्याची लंडनची खोडही गेली नव्हती.

१८१९ मध्ये, सत्तरीत, तो न्यूयॉर्कला परतला. जुने विद्यार्थी आता वकील, प्राध्यापक आणि व्यापारी झाले होते. त्यांनी आपली मुले आणि पुतणे शिकवणीला पाठवले. मूरने हात दिला. खानावळ पुन्हा सुरू झाली. आयुष्याला एकदाची स्थिरता येते आहे असे वाटत असतानाच १८२१ मध्ये जोसेफ हा थोरला मुलगा क्षयाने गेला. तो विशीत होता आणि कायद्याचा अभ्यास करत होता. म्हाताऱ्या बापाने त्या दुःखात बायरनची दान्तेवरची दीर्घ कविता इटालियनमध्ये उतरवली. इंग्रजांच्या भाषेतला दान्ते त्याने पुन्हा दान्तेच्या भाषेत आणला आणि पुस्तक छापले. शोकात माणूस हाताला ठाऊक असलेले काम धरतो. त्याचे काम भाषेचे होते.

१८२३ पासून त्याच्या आठवणींचे खंड न्यूयॉर्कला इटालियनमध्ये प्रसिद्ध होऊ लागले. आज त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले बरेचसे या खंडांतून येते, म्हणून ते जपून वाचावे लागतात. मोझार्टवर त्यांत अपेक्षेपेक्षा फारच थोडे आहे आणि हेवेदाव्यांवर फार. आपला जन्म ज्यू घरात झाला हे तो उघड सांगत नाही. बायकोविषयी मात्र तो शेवटपर्यंत मायेने लिहितो. या पुस्तकाचा एक व्यावहारिक उपयोगही होता. गोष्टीत गुंगवणारे सोपे इटालियन गद्य विद्यार्थ्यांना वाचायला हवेच होते.

दुसरे काम पुस्तकांचे. पहिल्यांदा आलो तेव्हा या शहरात इटालियन पुस्तके जवळजवळ नव्हतीच, असे तो म्हणे. त्याने इटलीहून पेट्याच्या पेट्या मागवल्या, विद्यार्थ्यांना विकल्या, ग्रंथालयांना विकल्या, काही भेट दिल्या. कोलंबियाच्या ग्रंथालयातल्या इटालियन संग्रहाचा पाया त्याच्या पुस्तकांनी घातला. उतारवयात त्याने ब्रॉडवेवर पुस्तकांचे दुकानही थाटले. शेजारी मिठाईवाला होता. दारात घोडागाडी थांबायची, म्हातारा उठून उभा राहायचा आणि गाडीतून बाई विचारायची, मिठाई आहे का? हा किस्सा त्याने स्वतःच सांगितला आहे.

१८२५ ची कोलंबियाची नेमणूक या सगळ्या खटाटोपाचे फळ होते. मूर आता कॉलेजच्या विश्वस्तांत होता. जन्माने ज्यू आणि दीक्षेने कॅथलिक पाद्री असलेला पहिला माणूस एका अँग्लिकन परंपरेच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. पण इटालियन सक्तीचा विषय नव्हता. नव्याची नवलाई संपल्यावर वर्ग ओस पडू लागला आणि विद्यार्थी नाहीत म्हणजे फी नाही. त्याने विश्वस्तांना पत्रे लिहिली, नाना योजना सुचवल्या. पगार मिळाला नाही. पद मात्र मरेपर्यंत त्याच्याकडे राहिले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्पॅनिश गायक मान्युएल गार्सिया आपल्या कुटुंबाची ऑपेरा मंडळी घेऊन न्यूयॉर्कला उतरला. २९ नोव्हेंबर १८२५ ला पार्क थिएटरात रोसिनीच्या ‘सेव्हिलच्या न्हाव्या’चा प्रयोग झाला आणि न्यूयॉर्कने पहिल्यांदा इटालियन ऑपेरा त्याच्या मूळ भाषेत ऐकला. दा पोन्ते गार्सियाला भेटायला गेला. ‘डॉन जोव्हान्नी’चा कवी समोर उभा आहे हे कळताच गार्सियाने त्याला मिठी मारली आणि त्याच ऑपेरातले मद्याचे गाणे गात खोलीभर नाचला. दा पोन्तेने लकडा लावला, पात्रे जमवायला मदत केली आणि २३ मे १८२६ रोजी ‘डॉन जोव्हान्नी’ अमेरिकेत रंगमंचावर आला. प्रागच्या पहिल्या प्रयोगाला ३८ वर्षे होऊन गेली होती. मोझार्टला जाऊन ३४. ज्या गावात चहा आणि तंबाखू तोलली त्याच गावात ७७ वर्षांच्या कवीने आपले शब्द पुन्हा ऐकले. १८२८ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

१८३१ च्या डिसेंबरात नॅन्सी गेली. साठी नुकतीच ओलांडलेली ती बाई लंडनच्या कॉफीघरापासून न्यूयॉर्कच्या खानावळीपर्यंत अखंड राबली होती. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा नवरा मागे राहिला. त्याने तिच्यावर इटालियन कवितांचे एक पुस्तक काढले. त्यानंतर दोनच वर्षांत घरात वहीवाला कोणी नसल्याचे दिसून आले. १८३२ मध्ये इटलीहून एक ऑपेरा मंडळी आणण्यात त्याचे पैसे बुडाले होतेच. तरी शहरातल्या धनिकांना गळ घालून त्याने चर्च आणि लिओनार्ड रस्त्यांच्या कोपऱ्यावर इटालियन ऑपेरा हाउस उभारायला लावले. १८ नोव्हेंबर १८३३ रोजी ते उघडले. आत गालिचे, भित्तिचित्रे, श्रीमंतांच्या खासगी खोल्या, असा सगळा थाट. प्रेक्षक मात्र थाटाच्या मानाने कमी. दोन हंगामांत तोटा इतका झाला की १८३६ मध्ये इमारत विकावी लागली. १८३९ मध्ये ती जळून गेली.

ते जळणे पाहायला तो नव्हता. शेवटच्या आजारात त्याच्याकडे येणारे डॉक्टर जॉन फ्रान्सिस यांनी नोंदवले आहे की मृत्यूच्या आदल्या दिवशीही त्याने आपल्या वैद्यासाठी कविता रचली. १७ ऑगस्ट १८३८ रोजी तो वारला. अंत्ययात्रा सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधून निघाली. जुने विद्यार्थी आले होते, मूरही होता. अकराव्या रस्त्यावरच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरले. थडग्यावर दगड बसला नाही. १९०९ मध्ये त्या दफनभूमीतले अवशेष क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत हलवले गेले आणि त्याची नेमकी जागा कायमची हरवली. १९८७ मध्ये तिथे स्मृतिशिला बसली.

मागे काय राहिले? ऑपेरा हाउस राहिले नाही आणि पैसा तर नव्हताच. कुटुंब राहिले. बापाचेच नाव असलेला मुलगा लोरेन्झो आज न्यूयॉर्क विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत इटालियन शिकवू लागला. मुलगी फॅनी हिने कोलंबियाचे गणिताचे प्राध्यापक हेन्री जेम्स अँडरसन यांच्याशी लग्न केले. कोलंबियातल्या इटालियनचा वर्गही मेला नाही. १८३९ मध्ये तिथे फेलिचे फोरेस्ती हा इटलीतून राजकीय हद्दपारी भोगून आलेला माणूस नेमला गेला. दोन-तीन पिढ्यांच्या न्यूयॉर्ककरांच्या कपाटांत दान्ते आणि तासो आले ते या म्हाताऱ्याच्या पेट्यांतून.

मर्यादाही सांगायला हवी. त्याने इटालियन शिकवली ती दिवाणखान्यांत, फी परवडणाऱ्यांना. पुढे लाखोंनी आलेल्या इटालियन मजुरांची बोली वेगळी होती, आयुष्य वेगळे होते. त्यांच्या भाषेला शहरात मान मिळायला फार काळ लागला आणि दा पोन्तेच्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांनी त्या मजुरांना दान्तेचे देशबांधव म्हणून ओळखले असेल असे वाटत नाही. भाषेवर प्रेम करणारे लोक त्या भाषेत बोलणाऱ्या गरिबांवर प्रेम करतातच असे नाही. हा दोष एकट्या दा पोन्तेचा नव्हे, पण त्याच्या कामाचा हिशेब करताना तो बाजूला ठेवता येत नाही.

आणि त्या हिशेबात नॅन्सीचे नाव आले पाहिजे. व्हिएन्नातला दा पोन्ते राजाच्या मर्जीवर मोठा झाला आणि राजा मेल्यावर कोसळला. अमेरिकेतला दा पोन्ते तीन दुकाने बुडवूनही कोसळला नाही, कारण संध्याकाळी टेबलावर जेवण असायचे आणि जेवायला विद्यार्थी असायचे. नवऱ्याच्या नावावर ‘इटालियनचा पहिला प्राध्यापक’ ही नोंद आहे. ती नोंद होईपर्यंतची वीस वर्षे बायकोच्या नावावर जमा आहेत.

कोलंबिया विद्यापीठात आज लोरेन्झो दा पोन्ते यांच्या नावाचे इटालियनचे अध्यासन आहे. त्यावरच्या प्राध्यापकाला पगार मिळतो.